पिवळी छत्री आणि ९४ टक्के

परवा रविवारी सकाळी चहाचा कप घेऊन बाल्कनीत गेलो आणि उडालोच! कढीपत्त्याच्या कुंडीत, घरच्या कंपोस्टवर, पाच-सहा पिवळ्याधमक छत्र्या. आदल्या रात्री तिथे काहीच नव्हतं.

आमच्या जमातीचं पहिलं काम म्हणजे फोन काढणे. अ‍ॅपला फोटो दिला. उत्तर: ल्युकोकोप्रायनस बर्नबाउमी, ९४ टक्के. जरा बाजूने दुसरा फोटो दिला, तर भलतंच नाव, तेही खाण्याजोग्या जातीचं, आणि टक्के जवळपास तेवढेच! असा कोड प्रॉडक्शनला गेला तर मॅनेजर जीव घेईल.

मग नीट बघायला बसलो. टोपीवर पिवळी भुकटी, कडेला बारीक रेघा. खालच्या पट्ट्या फिक्या पिवळ्या, दांड्याला न चिकटलेल्या. दांड्यावर नाजूक कडं. एक टोपी काळ्या कागदावर ठेवून वर ग्लास उपडा घातला. दुसऱ्या दिवशी कागदावर पांढरा ठसा. म्हणजे पहिलं नाव बरोबर होतं. (उरलेल्या छत्र्यांनी तोवर माना टाकल्या होत्या.)

ही बया मूळची उष्ण प्रदेशातली, पण कुंड्यांच्या मातीतून जगभर फिरते. १८३९ साली कोर्दाने तिला नाव दिलं ते प्रागच्या एका हरितगृहात ती सापडली म्हणून, आणि बर्नबाउम हे तिथल्या उद्यान-निरीक्षकाचं आडनाव. ती कुजलेल्या पाल्यापाचोळ्यावर जगते, झाडाला काही करत नाही. तेव्हा बुरशीनाशक ओतायची गरज नाही. पोटात गेली तर मात्र त्रास होतो.

आता मुद्दा. नुसत्या पांढऱ्या ठशावर विसंबू नका, तो जीवघेण्या अमॅनिटाचाही पांढराच येतो. एका खुणेवरून ओळख पटत नाही, आणि एका फोटोवरून तर नाहीच. ९४ टक्के म्हणजे उरलेले ६ टक्के कुणाच्या तरी ताटात, हे आपण आकडा बघून विसरतो.

कोकणात आईला फोन केला. ती म्हणाली, "वारुळावरची अळंबी मी ओळखते. ही कुंडीतली नाही ओळखत. ओळखत नाही ते खायचं नाही. संपलं!"

"माहीत नाही" हे उत्तर आईला देता येतं. माझ्या अ‍ॅपने ते एकदाही दिलं नाही. खरं सांगायचं तर ऑफिसच्या मीटिंगमध्ये मीही देत नाही.

असो. शेजारची चिमुरडी आमच्या बाल्कनीत रांगत येते, म्हणून छत्र्या उपटून टाकल्या. कढीपत्ता मजेत आहे.