सिस्टीम घेत नाही

मराठीत अलीकडे एक नवीन ब्रह्मवाक्य आलंय. "सिस्टीम घेत नाही." पूर्वी "साहेब नाहीत" म्हणायचे. साहेब निदान दुपारच्या जेवणानंतर यायचे तरी. सिस्टीमचं तसं नसतं. तिला जेवण नाही, केबिन नाही, आणि तिच्याशी भांडताही येत नाही.

मी यंत्रांच्या विरोधात नाही हे आधीच सांगतो, नाहीतर आमच्या घरातली संगणकवाली पोरं तुटून पडतील. संगणक आणि फोन एकत्र आले की मोठ्या धंद्याची उत्पादकता वाढते, हे मला मान्यच आहे. माझा वाद आहे तो "जोडलं की झालं" या अंधश्रद्धेशी.

रेल्वेचंच बघा. आपल्या नांदेडहून अमृतसरला जाणारे कितीतरी. पूर्वी तिकडून परतीचं आरक्षण हवं असेल तर तार जायची, आणि जागा मिळाली की नाही हे बहुतेकदा तिकडे पोचल्यावरच कळायचं. रेल्वेचं संगणकीय आरक्षण दिल्लीत ८५-८६ साली सुरू झालं, पण देशभरची केंद्रं एकमेकांना जोडली गेली ती १९९९ साली. मग नांदेडच्या खिडकीवरचा बाबू अमृतसरहून सुटणाऱ्या गाडीतली जागा तिथल्या तिथे देऊ लागला. २००२ पासून तर इंटरनेटवरून तिकीट घरबसल्या. यात खरी गंमत तारेत किंवा संगणकात नाही. खिडकीवरच्या माणसाला जे काम करायचा अधिकारच नव्हता, तो त्याला मिळाला. माहितीबरोबर अधिकारही आला.

आता लातूरच्या आडत बाजारात चला. सोयाबीन आणि तुरीची एवढी मोठी पेठ. आडत्याच्या एका कानाला मोबाइल, समोर कॅल्क्युलेटर. इंदूरचा भाव कळला की हा मिनिटात ठरवतो, घ्यायचं की थांबायचं. त्याला कुणी सल्लागार कंपनीनं "एकात्मिक प्रणाली" बसवून दिली नव्हती. ज्याच्या हातात फोन, त्याच्याच हातात निर्णय. बस्स!

आणि आता मोठी संस्था. आमच्या नात्यातल्या एक काकू पेन्शनर आहेत. नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला बँकेत गेल्या, मी सोबत. (कोणती बँक ते सांगत नाही, सगळीकडे थोड्याफार फरकानं हेच.) आयुष्यभर भांडी घासून, भाकरी थापून अंगठ्याच्या रेषा पुसट झालेल्या. यंत्रावर पाच वेळा अंगठा दाबला. जुळेना. टेबलामागची बाई काकूंना ओळखते, नावानं हाक मारते, तब्येत विचारते. आणि म्हणते, "काकू, सिस्टीम घेत नाही, उद्या या." म्हणजे जिवंत बाई समोर उभी आहे, तिच्याशी बोलणं चाललंय, आणि ती जिवंत असल्याची नोंद मात्र होत नाही! कागदावरचा दाखला नियमात बसतो. पण तो घेऊ का, हे विचारायला वर फोन करावा लागतो, आणि वरचा फोन लागत नाही. काकूंच्या तीन फेऱ्या झाल्या. रिक्षाचे पैसे वेगळे.

या तीन फेऱ्या कुठल्या हिशेबात धरल्या जातात? कुठल्याच नाही. अहवालात दिसतं की माणसं कमी लागली, कागद वाचला, उत्पादकता वाढली. अहो, वाढली कसली! संस्थेचं काम गिऱ्हाइकाच्या डोक्यावर ढकललं, एवढंच झालं.

रॉबर्ट सोलो नावाच्या अर्थशास्त्रज्ञानं १९८७ सालीच चिमटा काढला होता की संगणकयुग सगळीकडे दिसतं, फक्त उत्पादकतेच्या आकड्यांत दिसत नाही. पॉल डेव्हिड यांनी १९९० साली त्यावर विजेचा दाखला दिला. अमेरिकेतल्या कारखान्यांनी आधी नुसतं वाफेचं इंजिन काढून त्या जागी मोठी मोटर बसवली. वरचे दांडे आणि पट्टे तसेच ठेवले. फायदा फारसा झाला नाही. प्रत्येक यंत्राला स्वतःची छोटी मोटर मिळाली, कारखान्याची मांडणीच बदलली, तेव्हा कुठे १९२० च्या दशकात उत्पादन भराभर वाढलं. आपल्या मोठ्या संस्था अजून पट्ट्यांवरच चालतात. मोटर नवी, पट्टा साहेबाचाच.

यावर ठरलेला आक्षेप येतो, "खालच्या माणसाला अधिकार दिले तर घोटाळे होतील." मला तर उलटं वाटतं. कुणी, कधी, काय केलं याची नोंद संगणकात राहते, म्हणून तर आता विश्वास टाकणं पूर्वीपेक्षा सोपं आहे. मर्यादा घाला, नंतर तपासा. पण समोरच्या माणसाचं काम आधी करा.

माझी मागणी साधी आहे. एक, यंत्र अडलं तर काय करायचं ते टेबलावरच्या माणसाला लेखी द्या आणि ते करायची मुभा द्या. दोन, उत्पादकतेच्या हिशेबात गिऱ्हाइकाचे तास आणि फेऱ्या धरा. हे दोन करणार नसाल, तर नवीन सर्व्हरच्या उद्घाटनाचा नारळ फोडू नका. चटणीला तरी येईल.