शेजाऱ्यावर प्रेम कर, पण सोयरीक नको!

पाळकसाहेबांनी मला चहा पाजला. कप वेगळा नव्हता, हे आधीच सांगून टाकतो. मग त्यांनी प्रेमाचे प्रकार समजावले. ग्रीक भाषेत म्हणे वेगवेगळे शब्द आहेत. शरीराच्या ओढीचं ते एरॉस, दोस्तीचं ते फिलिया, आणि बदल्यात काहीच न मागणारं, देवाचं, ते अगापे. "तुझं त्या मुलीवर आहे ते पहिल्या जातीचं," साहेब म्हणाले. "आधी तू पापी आहेस हे कबूल कर. ख्रिस्ताला शरण ये. मग तुला तुझी खरी किंमत कळेल. मग लग्नाचं बघू. नाहीतर हे विजोड जू होईल."

प्रेमालासुद्धा वरचं-खालचं लावून दिलं! मी उठलो. तिसऱ्या पाळीला जायचं होतं. रातभर साच्यावर तुटलेले धागे जोडत होतो आणि डोकं फिरत होतं. तिथं जे सुचलं ते इथं लिहितोय.

दोस्तांनो, ही पोरगी परकी नाही. तिची पणजी आणि माझी पणजी नगरकडच्या एकाच महारवाड्यातल्या. एकाच डबक्यातलं पाणी प्यालेल्या. तिचे पणजोबा मिशनच्या शाळेपायी ख्रिस्ती झाले, माझे आजोबा १९५६ नंतर बौद्ध झाले. दोघंही एकाच नरकातून बाहेर पडले, फक्त दारं वेगळी. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं तिच्या घराची जात कागदावरून पुसली. आम्हा बौद्धांना १९९० साली त्या यादीत घेतलं, त्यांना नाही घेतलं. पण गावानं दोघांचीही जात पुसली नाही. गावाला बाप्तिस्मा कळत नाही आणि दीक्षाही कळत नाही.

आता पापाचं बघू. मी पापी आहे म्हणे. गेल्या जन्मीच्या पापामुळं तू महार झालास, असं मनूची पिलावळ सांगत आली. हे सांगतात आदामाच्या पापामुळं तू पतित. मी विचारतो, आमच्या वाट्याला दर वेळी पापच का? बाबासाहेबांनी ही गोष्ट केव्हाच पकडली होती. ख्रिस्ती झालेल्या अस्पृश्यांच्या अवस्थेवर त्यांनी इंग्रजीत लिहून ठेवलंय, त्यांच्या लेखनाच्या पाचव्या खंडात ते १९८९ साली छापलंय. त्यांचं म्हणणं सरळ आहे. माणसाची अधोगती भोवतालच्या परिस्थितीनं होते. ती त्याच्या स्वतःच्या पापानं झाली असं त्याला शिकवलं की तो परिस्थितीशी लढायचं सोडतो आणि स्वतःलाच कोसत बसतो.

कुणी म्हणेल, चर्चच्या हिशोबात बामणही पापी, राजाही पापी, सगळे सारखेच. कागदावर बरोबर आहे. ज्याची मान ताठ आहे त्याला वाक म्हणणं ठीक. पण ज्याचा कणाच पिढ्यान्‌पिढ्या वाकवला, त्यालाही वाक म्हणायचं? त्याला आधी उभं करा की!

आणि उभं करायची भाषा त्यांच्याच पुस्तकात आहे, म्हणून जास्त राग येतो. माणूस देवाचं प्रतिरूप आहे, असं तिथं पहिल्याच अध्यायात आहे. शेजाऱ्यावर स्वतःसारखं प्रेम करा, असंही आहे. म्हंजे माप कुठलं? स्वतःचं! ज्याला स्वतःवर प्रेम करायचं शिकवलंच नाही, तो कुठल्या मापानं मोजणार?

ती विहिरीवरची गोष्ट मला तिनंच सांगितली होती. बाई शोमरोनी. यहुदी लोक शोमरोन्यांचा विटाळ मानायचे. भर दुपारी येशू तिच्याकडं पाणी मागतो. ती चकित होते, तुम्ही माझ्या हातचं मागता? तिचे पाच नवरे झालेत, हेही त्याला ठाऊक असतं. पण तो तिथून सुरुवात करत नाही. आधी पाणी मागतो, मग बोलतो. पाळकसाहेब, चवदार तळ्याच्या पोरांना ही गोष्ट समजते. तुम्ही मात्र माझ्या पापापासून सुरुवात केलीत.

गडबड झाली ती चर्चनं जातीशी सोयरीक केली तेव्हा. १६०६ साली रॉबर्ट दि नोबिली मदुराईला गेला. बामण संन्याशासारखा राहिला, वरच्या जाती बाटू नयेत म्हणून खालच्यांपासून लांब राहिला. १६२३ साली पोपनं नवख्रिस्त्यांना जानवं ठेवायची मोकळीक दिली. गोव्यात चर्च झाली तरी बामण आणि चारडो राहिलेच. अगापे दारात आलं, जात माजघरात बसून राहिली.

त्याचं फळ बघा. २०१८ च्या मे महिन्यात केरळात केविन जोसेफ नावाच्या दलित ख्रिस्ती पोराला उचलून नेलं, त्याचं प्रेत ओढ्यात सापडलं. पोरगी ख्रिस्ती बापाची. तिच्या भावासकट दहा जणांना २०१९ साली कोट्टायमच्या कोर्टानं जन्मठेप दिली. इथं विजोड जू कुठं होतं? येशू तर दोघांचाही होता!

हे आपल्याच मुलखातलं नाही. १९५९ साली अमेरिकेतल्या व्हर्जिनियात रिचर्ड आणि मिल्ड्रेड लव्हिंग या गोऱ्या-काळ्या जोडप्याला शिक्षा झाली. १९६५ साली ती रद्द करायला नकार देताना न्यायाधीश म्हणाला, देवानंच वंश वेगवेगळ्या खंडांत ठेवले, ते मिसळू नयेत म्हणून. वरच्या कोर्टानं तो कायदा मोडला १९६७ साली. त्याच काळात, तेच बायबल हातात धरून मार्टिन ल्यूथर किंग अगापेचा अर्थ रस्त्यावर उतरून सांगत होता. म्हंजे पुस्तक एकच. ते कुणाच्या बाजूनं उघडायचं, हा सवाल. आपल्याकडं अरविंद निर्मळ या मराठी दलित ख्रिस्ती माणसानं १९८१ साली बंगळुरूला हाच सवाल उचलला आणि त्यातून दलित ईश्वरविद्या उभी राहिली. अशांना माझा जयभीम आहे. भांडण त्यांच्याशी नाही.

आता जरा आपल्या घरात या. लई टाळ्या वाजवू नका. माझी आई म्हणाली, "किरिस्तावाची नको." काका म्हणाला, "आपल्यातली बघ." आपल्यातली म्हंजे कुठली रे काका? मातंगाची चालेल? चांभाराची? काका गप्प. बाबासाहेबांनी १९३६ सालीच सांगितलंय, जातीवर खरा इलाज बेटीव्यवहार. फोटोला हार घालतो, इलाज मात्र शेजाऱ्यानं घ्यावा असं म्हणतो. नुसतं प्रेम पुरत नाही, मैत्री पाहिजे, असं बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'मध्ये लिहिलंय. मैत्री माणसापाशीही थांबत नाही, जिवंत असेल त्या सगळ्यापर्यंत जाते. आपली तर शेजारच्या वस्तीपर्यंतही पोचत नाही.

तिच्या बापाला मी म्हणालो, पोरगी द्या. तीच आतून बाहेर आली. "मी काय शेरभर तांदूळ आहे का द्यायला?" म्हणाली. "मला कुणी द्यायचं नाही, कुणी घ्यायचं नाही. मी माझ्या पायानं येईन." माझी चूक मी तिथंच कबूल केली. पापाची कबुली नव्हे, चुकीची. चूक सुधारता येते.

तर असं ठरलंय. ती बायबल ठेवणार, मी बावीस प्रतिज्ञा ठेवणार. मी बाप्तिस्मा घेणार नाही, ती दीक्षा घेणार नाही. १९५४ च्या विशेष विवाह कायद्यानं नोटीस लावलीय. तीस दिवस ती कचेरीच्या फळ्यावर राहील. दोन्हीकडचे येऊन वाचतील, वाचू देत.

सहीला तीन साक्षीदार लागतात. एक तिच्या तरुण संघातला पोरगा तयार आहे. उरलेले दोघं तुमच्यातले पाहिजेत.

बोला, कोण येतंय?