तिसऱ्या तासाची सीट

स्तंभ : किकपासून स्टँडपर्यंत

पाऊस सरला, दिवाळी आटोपली की या स्तंभाकडे येणाऱ्या पत्रांचा सूर बदलतो. जून ते सप्टेंबर टायर, ब्रेक आणि रेनकोट. नोव्हेंबर उजाडला की सीट. कोणी रॉयल एनफिल्डच्या मोटोव्हर्स मेळाव्यासाठी गोव्यात वागातोरला निघालेलं असतं, कोणी घरच्यांना रेल्वेत बसवून स्वतः बाइकने मालवण गाठणार असतं. तक्रार सगळ्यांची एकच : साताऱ्यापर्यंत ठीक, कराड येईस्तोवर बूड टेकवत नाही. पुढचा प्रश्नही एकच : बाजारात सगळ्यात मऊ सीट कुठली?

मऊ सीट शोधायला निघालात तर पैसे पाण्यात गेलेच म्हणून समजा. शोरूममध्ये किंवा दुकानाच्या स्टुलावर ठेवलेली सीट आपण अंगठ्याने दाबून बघतो, फार तर दोन मिनिटं बसतो. अंगठा आत रुतला की ‘वा!’ म्हणतो. त्या दोन मिनिटांत मऊ सीट नेहमीच जिंकते. हे कंपन्यांनाही ठाऊक असतं, दुकानदारांनाही. पण कोल्हापूर दोन मिनिटांवर नाही. सीटची परीक्षा तिसऱ्या तासाला सुरू होते, आणि तिथे निकाल बहुधा उलटा लागतो.

कारण शरीरात आहे. बसल्यावर आपला भार मांसावर नव्हे, कमरेच्या सांगाड्याच्या तळाशी असलेल्या दोन गोलसर हाडांवर पडतो. कडक बाकावर पुढे-मागे डोललात तर ती हाताला लागतात. निसर्गाने भार पेलायला ती जागा दिली आहे. सीट हवी तेवढी घट्ट असेल तर ही हाडं भार घेतात आणि शेजारच्या मांसल भागाला उसंत मिळते. सीट फार मऊ असेल तर हाडं फोममधून खाली उतरतात, फोम चेपून सपाट होतो आणि शेवटी ती प्लॅस्टिकच्या तळावर टेकतात. भरीला बाजूचा फोम वर येऊन मांड्या आणि माकडहाड दाबतो. रक्त खेळायचं थांबलं की मुंग्या येतात, मग कळ, मग दर दहा मिनिटांनी कूस बदलणं. म्हणजे पहिल्या दोन मिनिटांत ज्या गुणावर आपण भाळलो, तोच तिसऱ्या तासाला छळतो.

अमेरिकेत लांब पल्ल्याच्या स्वारांची आयर्न बट असोसिएशन नावाची संघटना आहे. तिची सगळ्यात प्राथमिक कसोटी म्हणजे २४ तासांत १००० मैल, साधारण १६०० किलोमीटर. एवढं अंतर कापणाऱ्या मंडळींच्या बाइकवर गुबगुबीत सोफा असेल असं वाटतं. प्रत्यक्षात त्यांच्यात नाव असलेली रसेल डे-लाँग ही सीट रुंद आहे, मागच्या बाजूला पंखांसारखी पसरलेली आहे, पण गुबगुबीत नाही. कॅलिफोर्नियातल्या हॉलिस्टरच्या कॉर्बिनची ख्याती तर घट्टपणासाठीच आहे. त्याहून महत्त्वाचं म्हणजे या सीट बनवणाऱ्यांची काम करायची रीत. रसेलवाले गिऱ्हाइकाचं वजन, पायांची लांबी आणि बाइकवर बसलेले फोटो मागवतात. कॉर्बिनकडे बाइक घेऊन गेलात तर तुम्हाला तिच्यावर बसवून सीट बेततात. तिकडच्या नामांकित कारागिरांनाही तुम्हाला न बघता तुमची सीट करता येत नाही, तर मोबाइलवर फोटो बघून मागवलेली सीट तुम्हाला चपखल बसेल ही आशा कशाच्या जोरावर धरायची? ५५ किलोच्या मुलीला आणि ९५ किलोच्या मामांना एकच फोम सोसणार नाही.

म्हणून माझा पहिला सल्ला असतो की तयार सीटच्या आधी गावातला सीटवाला गाठा. पुण्यात नाना पेठ आहे. बाकी प्रत्येक तालुक्याच्या ठिकाणी एसटी स्टँडच्या आसपास रेक्झिनचे गठ्ठे टांगलेलं एखादं दुकान असतंच. तिथे थोडा वेळ उभे राहून बघा. कारागीर सीट उलटी करतो, स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाने पिना एकेक उचकटतो, कव्हर सोलून काढतो. आतला फोम बसक्या जागी पिवळा, तेलकट पडलेला असतो. मग तो तुम्हाला बाइकवर बसवून स्केचपेनने खुणा करतो, हॅक्सॉच्या पात्याने तेवढा भाग कापतो, नवा तुकडा सोल्यूशनने चिकटवतो आणि ग्राइंडरला खरखरीत चकती लावून कडा घासत उतरवतो. फोमचा भुसा उडतो, तो हाताने झटकतो आणि म्हणतो, ‘बसा परत.’ हे ‘बसा परत’ जितक्या वेळा ऐकाल तितकी सीट सुधारेल. शिंप्याकडे ट्रायल न देता सूट शिवून घ्यावा, तसं बहुतेक गिऱ्हाइकं सीट टाकून निघून जातात आणि संध्याकाळी न्यायला येतात. थांबायची तयारी ठेवा. आणि शक्य असेल तर मूळ सीट कापू नका; जुन्या बाजारातून त्याच मॉडेलची दुसरी सीट मिळवा आणि तिच्यावर प्रयोग करा. प्रयोग फसला तर मूळ सीट शाबूत राहते, गाडी विकतानाही उपयोगी पडते.

फोमबद्दल बोलताना दुकानात दोन गोष्टींची हमखास गल्लत होते : घनता आणि कडकपणा. ‘चाळीसची डेन्सिटी’ म्हणजे एक घनमीटर फोमचं वजन ४० किलो. फोम किती टिकेल, किती लवकर बसेल, याचा अंदाज घनतेवरून येतो. तो किती कडक लागेल हे वेगळं. एकाच घनतेचा फोम मऊही मिळतो, कडकही. सांगितलेली घनता खरी आहे का हे घरी कळतं. लांबी, रुंदी आणि उंची दहा-दहा सेंटिमीटर असलेला ठोकळा कापा आणि स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवा. चाळीसच्या डेन्सिटीचा असेल तर ४० ग्रॅम भरेल. २५ भरला तर पुढच्या पावसाळ्यापर्यंत खड्डा पडलाच म्हणायचा. खाली घट्ट, टिकाऊ थर आणि वर जेमतेम बोटभर नरम थर ही जोडणी बहुतेकांना मानवते.

आता जाहिरातीतले दोन लाडके शब्द, मेमरी फोम आणि जेल. मेमरी फोम १९६०च्या दशकात नासासाठी झालेल्या कामातून आला, हे खरं. पण तो तापमानाला हळवा आहे. मे महिन्यात चंद्रपुरात उन्हात लावलेल्या बाइकवर तो लोण्यासारखा होतो, लेहच्या पहाटे लाकडासारखा. शिवाय दाबल्यावर तो सावकाश वर येतो. एकामागोमाग खड्डे आले की त्याला सावरायला वेळच मिळत नाही. गादीत चांगला, बाइकवर फार तर वरचा पातळ थर म्हणून ठीक. जेल दाब पसरवतं, पण ऊन साठवून ठेवतं. दुपारी टपरीवर चहा पिऊन परत बसाल तेव्हा कळेल. जेल हवंच असेल तर फोमच्या थराखाली घाला आणि बाइक सावलीत लावा.

हवेच्या उशीला मात्र माझा पाठिंबा आहे. एअरहॉक नावाची उशी ज्या रोहो कंपनीच्या तंत्रातून आली, ती कंपनी व्हीलचेअरवर दिवस काढणाऱ्यांना बेडसोर होऊ नयेत म्हणून हवेच्या कप्प्यांच्या गाद्या बनवते. एका कप्प्यावर भार आला की हवा शेजारच्या कप्प्यांत सरकते आणि दाब एका जागी साचत नाही. आता याच धर्तीच्या उशा आपल्याकडेही मिळतात. त्यांच्याबद्दल नाराज असलेले बहुतेक जण त्या फुग्यासारख्या टम्म फुगवतात, मग वळणावर डुगडुगतात. हवा भरा, वर बसा आणि सीटपासून जेमतेम बोटभर वर तरंगाल इतकी सोडून द्या. रोजच्या वापराला ही उशी कटकटीची आहे. पण वर्षातून दोन-तीन मोठ्या सहली करणाऱ्याने सीट बदलण्याआधी हाच खर्च करून बघावा.

फोमइतकाच आकार महत्त्वाचा, आणि तिकडे कोणी बघत नाही. मागच्या बाजूला, जिथे बैठकीची हाडं टेकतात तिथे, रुंदी हवी. पुढे टाकीजवळ सीट अरुंद हवी, नाहीतर मांड्या फाकतात आणि पाय जमिनीला पुरत नाहीत. सीट टाकीकडे उतरती असेल तर ब्रेक मारला की माणूस पुढे घसरतो आणि नको तिथे दाब येतो. पुढच्या भागाला फोमची पाचर देऊन हा उतार काढता येतो. उंचीचा हिशोबही करा. स्प्लेंडरची सीट ७८५ मिलिमीटरवर आहे, नव्या हिमालयनची ८२५वर. त्यावर इंचभर फोम चढवला की साडेपाच फुटांच्या आतल्या माणसाला सिग्नलला टाचा टेकवणं जड जातं. याउलट उंची कमी करायला फोम कापला तर गुडघा जास्त दुमडतो आणि दुखणं बुडावरून गुडघ्यात जातं.

काम झाल्यावर काही गोष्टी डोळ्यांनी बघून घ्या. सीटचं कुलूप एका दाबात लागतं का, खालची रबरी बटणं चौकटीवर नीट टेकतात का, वायर कुठे चेपली जात नाही ना. रेक्झिनची शिवण बसायच्या जागेवरून जात असेल तर ती टोचतेही आणि पाणीही पिते. शिवण कडेला घ्यायला सांगा. कव्हराखाली प्लॅस्टिकचा पातळ कागद घालायला सांगायला विसरू नका. कोकणातल्या पावसात एकदा फोम भिजला की बाहेरून कोरडी दिसणारी सीट आठवडाभर पँट ओली करत राहते.

मागे बसणारीचा विचार या सगळ्यात कुठे आहे? ‘बसणारी’ म्हणतो, कारण आपल्याकडे मागच्या सीटवर बहुधा बायको, आई किंवा बहीण असते आणि सीट निवडायला दुकानात मात्र एकटा बाप्या जातो. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या १२३व्या नियमाने मागच्या माणसासाठी धरायला हँडल, पाय ठेवायला फूटरेस्ट आणि मागच्या चाकाचा किमान अर्धा भाग झाकणारं संरक्षण सक्तीचं केलं आहे. सीट किती रुंद असावी हे मात्र तो नियम सांगत नाही. स्वारासाठी मध्ये खोलगट आणि मागे उंच केलेल्या टुरिंग सीटवर मागची व्यक्ती दर ब्रेकला पुढे आदळते. साडी नेसून एका बाजूला पाय सोडून बसणारीचा भार तर एकाच अंगावर येतो. तिला सपाट आणि रुंद जागा लागते. सीट तिला बसवून बघितल्याखेरीज पैसे देऊ नका. पुढची सीट कितीही सुखाची झाली, तरी मागून खांद्यावर थाप पडली की थांबावंच लागतं.

फुकटचे उपायही आहेत, आणि ते आधी करायचे. मागच्या खिशातलं पाकीट काढा; तासन् तास एका बाजूला उंचवट्यावर बसल्याने कंबर आणि पाय धरतात. जाड शिवणीची जीन्स लांब प्रवासाला नको. मागे माणूस आणि सामान असेल तर मागच्या शॉकची प्रीलोड वाढवा, टायरमध्ये कंपनीने सांगितलेली हवा ठेवा. दर तासाला उतरा. मोकळ्या रस्त्यावर मधूनमधून फूटरेस्टवर भार देऊन किंचित उठा. उन्हाळ्यात जाळीचं कव्हर घाला, खालून वारा खेळतो. एवढं करूनही दुखत असेल तर मग सीटवाल्याकडे जा, आणि त्याच्या हातून काम साधलं नाही तरच महागडी तयार सीट बघा.

सीट या विषयावर पत्रं येतात ती सहलीला जाणाऱ्यांची. वर्षातून चार वेळा गोव्याला जाणाऱ्याचा तिसरा तास वर्षातून काही वेळाच येतो. दिवसभर पार्सल पोचवणारी मुलं, दवाखान्यामागून दवाखाना पालथा घालणारे एमआर, गावोगाव हप्ते गोळा करणारे वसुली एजंट यांचा तिसरा तास रोज येतो, त्याच्यामागून सातवा आणि आठवाही. त्यांच्या बाइक बहुधा १०० ते १२५ सीसीच्या, सीट सपाट आणि बरीच वर्षं चेपलेली. ती बदलायचा खर्च त्यांना चैन वाटतो, म्हणून ते पाठदुखीच्या गोळ्यांवर भागवतात. ज्यांच्या कामासाठी ही माणसं रस्त्यावर असतात, त्या कंपन्या लोगो छापलेली बॅग आणि टी-शर्ट देतात. त्याच यादीत वर्षातून एकदा सीटचा फोम बदलून देण्याचा खर्च आला पाहिजे, आणि तो माणसाच्या पगारातून कापता कामा नये.