विमानात पॉवर बँक चालत नाही, मग विमानाची स्वतःची बॅटरी कशी चालते? होमबिल्ट विमानांचं चार्जिंग समजून घेऊ

ऑक्टोबर २०२५ मध्ये दोन दिवसांच्या अंतराने विमानांच्या दोन बातम्या आल्या. १७ तारखेला ओझरच्या एचएएलमध्ये, म्हणजे आमच्या विंचूरपासून तासाभराच्या आत, नाशिकला तयार झालेलं पहिलं तेजस मार्क-१ए उडालं. गावातल्या प्रत्येक व्हॉट्सॲप ग्रुपवर दिवसभर तोच व्हिडिओ. १९ तारखेला दिल्लीहून दिमापूरला निघालेल्या इंडिगोच्या विमानात, ते अजून जमिनीवरच असताना, सीटच्या खिशातल्या पॉवर बँकेने पेट घेतला. क्रूने आग विझवली, कुणाला इजा झाली नाही. त्याच वर्षी जानेवारीत दक्षिण कोरियात एअर बुसानचं एक विमान जळून गेलं होतं आणि तिथेही संशय पॉवर बँकेवरच होता. नियम कडक होणार हे दिसतच होतं. आता आपल्याकडे पॉवर बँक फक्त हँडबॅगेत ठेवायची आणि विमानात तिच्यावरून फोन चार्ज करायचा नाही.

यावर बारावीतल्या चुलतभावाने विचारलं, "दादा, एवढ्याशा पॉवर बँकेला घाबरतात, मग विमानात बॅटरी नसतेच का?"

असते ना. आणि तिनेही घाम फोडलेला आहे. जानेवारी २०१३ मध्ये बोस्टन विमानतळावर उभ्या असलेल्या जपान एअरलाइन्सच्या बोइंग ७८७ मध्ये लिथियम-आयन बॅटरी पेटली. काही दिवसांत दुसऱ्या एका ७८७ ला बॅटरीतल्या धुरामुळे जपानमध्येच तातडीने उतरावं लागलं. जगभरातली सगळी ड्रीमलायनर, एअर इंडियाचीसुद्धा, महिनोन् महिने जमिनीवर बसली. शेवटी बोइंगने बॅटरी स्टीलच्या बंद पेटीत ठेवली आणि धूर विमानाबाहेर काढणारी नळी दिली. पुन्हा पेटली तरी आत काही होऊ नये, असा सगळा विचार.

बोइंगकडे त्यासाठी इंजिनिअरांची फौज होती. आपल्या गच्चीवर एकट्याने विमान बांधणाऱ्याचं काय?

गच्चीवर हे मी उगाच म्हणत नाही. कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीतल्या चारकोपला राहत्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं. फेब्रुवारी २०१६ मध्ये मुंबईच्या 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात ते लोकांनी पाहिलं. नोव्हेंबर २०१७ मध्ये डीजीसीएने व्हीटी-एनएमडी अशी नोंदणी दिली, उड्डाणाचा परवाना २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये मिळाला आणि २०२० मध्ये चाचणी झाली ती आपल्या धुळ्याच्या धावपट्टीवर. या प्रवासावर लिहिलेलं बहुतेक सगळं परवानग्यांबद्दल आहे. साहजिक आहे. पण घरी विमान बांधणाऱ्याला कागदपत्रांआधी शेकडो छोटे तांत्रिक निर्णय एकट्याने घ्यावे लागतात. त्यातला सगळ्यात फसवा निर्णय मला बॅटरीचा वाटतो. कारखान्यातून आलेल्या प्रमाणित विमानात कोणती बॅटरी बसेल हे ठरलेलं असतं. अमेरिकेत, जिथे होमबिल्ट विमानांची सगळ्यात मोठी बाजारपेठ आहे, तिथे ही निवड बांधणाऱ्याची. जुलै २०२५ मध्ये तिथल्या एफएएने 'मोझॅक' नावाचे नियम जाहीर करून हलक्या विमानांची व्याख्या आणखी सैल केली. म्हणजे असे निर्णय घेणारे लोक वाढणार.

आता मुद्द्याचं. छोट्या विमानात मुख्यतः दोन पर्याय असतात. एक एजीएम, म्हणजे आपली लेड-ॲसिडच, फक्त ॲसिड काचेच्या तंतूंच्या चटईत शोषलेलं, त्यामुळे सांडत नाही. दुसरा लिथियम आयर्न फॉस्फेट, म्हणजे एलएफपी. फोनमधल्या लिथियमचा हा शांत स्वभावाचा भाऊ. कोबाल्टवाल्या सेलपेक्षा तो बऱ्याच जास्त तापमानाला बिघडतो. पण आतलं इलेक्ट्रोलाइट जळणारंच असतं, तेव्हा 'एलएफपी पेटतच नाही' असं कुणी सांगितलं तर ऐकून सोडून द्या.

मोह वजनाचा आहे. इंजिन स्टार्ट करू शकणारी एजीएम सहा-सात किलोची, तेच काम करणारी एलएफपी दोन किलोच्या आसपास. छोट्या विमानात चार-पाच किलो वाचणं ही मोठी गोष्ट. मात्र इथे लेबल नीट वाचायला हवं. पॉवर बँकेवर १०,००० एमएएच लिहिलेलं असतं, ते आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचं. बाहेर ५ व्होल्टला मिळतात साधारण सहा हजार. बारीक अक्षरात 'रेटेड कपॅसिटी' म्हणून तेही छापलेलं असतं. स्टार्टर लिथियम बॅटऱ्यांवरही असाच खेळ आहे. '१८ अँपिअर-अवर, लेड-ॲसिड समतुल्य' असं लिहिलं असेल, तर खरी क्षमता तिच्या एक तृतीयांश, म्हणजे ६ च्या आसपास असू शकते. इंजिन स्टार्ट करायला ती पुरते, कारण तिथे दोन-चार सेकंद जोराचा करंट लागतो. हवेत चार्जिंग बंद पडलं की मात्र खरी क्षमताच मोजायची. समजा रेडिओ, ट्रान्सपाँडर, स्क्रीन, इंधन पंप आणि इलेक्ट्रॉनिक इग्निशन मिळून १२ अँपिअर खातात. ६ अँपिअर-अवरची नवी बॅटरी कागदावर अर्धा तास देईल. वर्षभर जुनी असेल तर त्याहून कमी.

आणि हा अर्धा तास संपत आलाय हे कळणार कसं? लेड-ॲसिड उतरताना सांगत उतरते: भरलेली १२.७ व्होल्ट, अर्धी १२.२, मग दिवे पिवळे पडायला लागतात. एलएफपी ९० टक्क्यांपासून ३० टक्क्यांपर्यंत १३ व्होल्टच्या थोडं वरच राहते, फरक जेमतेम ०.३ व्होल्टचा. मग एकदम कोसळते. तुमच्या फोनला टक्केवारी कळते कारण आत-बाहेर जाणारा करंट सतत मोजणारी चिप त्यात असते. विमानाच्या पॅनलवर नुसता व्होल्टमीटर असेल तर एलएफपीच्या बाबतीत तो शेवटपर्यंत 'सगळं ठीक' म्हणत राहतो.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट बीएमएसची. सॉफ्टवेअरवाला असल्यामुळे मला हाच भाग जास्त खटकतो. बॅटरी मॅनेजमेंट सिस्टिम म्हणजे सेलवर लक्ष ठेवणारं सर्किट. व्होल्टेज फार चढलं, फार उतरलं किंवा तापमान वाढलं, की ते बॅटरीला बाकी सिस्टिमपासून तोडतं. फोन १ टक्क्यावर बंद पडतो तो अशाच हिशोबाने. सेल वाचतो, तुम्ही चार्जर शोधता, विषय संपला. हाच नियम विमानात जसाच्या तसा उचलला, तर बीएमएस बॅटरी वाचवेल आणि वैमानिकाला सोडून देईल. त्याला कुणी सांगितलेलंच नसतं की ही बॅटरी कशात बसवली आहे.

समजा रेग्युलेटर बिघडला आणि अल्टरनेटरचं व्होल्टेज १४ वरून १६-१७ कडे निघालं. बीएमएसने बॅटरी तोडली. आता अल्टरनेटरला कुणी आवरणारंच नाही. निफाड तालुक्यातल्या वाचकांसाठी सांगायचं तर चार्जिंग सिस्टिममध्ये बॅटरी नांदूरमधमेश्वरच्या धरणासारखी असते, चढ-उतार पोटात घेते. धरणच बाजूला केलं तर लोंढा थेट गावात. इथे लोंढा म्हणजे व्होल्टेजचा झटका, आणि गाव म्हणजे रेडिओ, स्क्रीन, इग्निशन. म्हणून ओव्हरव्होल्टेज प्रोटेक्शन अल्टरनेटरच्या बाजूला वेगळं हवं, आणि बीएमएसच्या आधी काम करणारं हवं. बॅटरी १६ व्होल्टला तुटणार असेल तर अल्टरनेटर १५ च्या आसपासच बंद झाला पाहिजे. एलएफपी लावणाऱ्याने बॅटरीच्या किमतीत हे सर्किट धरायलाच हवं.

उलट बाजूनेही अडचण आहे. एलएफपीचा अंतर्गत रोध कमी, म्हणून स्टार्टनंतर ती भुकेल्यासारखा करंट ओढते. मोठा अल्टरनेटर ते सोसतो. पण अनेक हलक्या विमानांत रोटॅक्स ९१२ इंजिन असतं, आणि त्याचा अंगचा जनरेटर साधारण २५० वॅटचा, म्हणजे आपल्या मिक्सरला लागते त्याच्या निम्मी वीज. अशा वेळी रेग्युलेटर तापतो. थंडीचंही बघावं लागतं. शून्याखाली एलएफपी चार्ज करायची नसते, आणि निफाडला हिवाळ्यात पहाटे पारा पाच अंशांखाली जातो. किलोमीटरभर वर गेलं की हवा आणखी साडेसहा अंशांनी गार.

बिघाड शोधताना बहुतेक जण आधी बॅटरी बदलतात. माझ्या बाईकची बॅटरी फुगली तेव्हा विंचूरच्या चौकातल्या वायरिंगवाल्या काकांनी नव्या बॅटरीचं नावसुद्धा काढू दिलं नाही. "आधी चार्जिंग बघू, नाहीतर हीपण फुगंल," म्हणाले आणि मल्टिमीटर लावला. १६ व्होल्ट. आरआर युनिट गेलेलं. विमानातली पद्धत वेगळी नाही. इंजिन बंद असताना मोजा, मग चालू करून आरपीएम वाढवून मोजा. १३.८ ते १४.४ च्या दरम्यान असेल तर ठीक. १३ च्या खाली म्हणजे चार्जिंग पोचत नाहीये. १५ च्या वर म्हणजे इंजिन लगेच बंद करा आणि रेग्युलेटर तपासा. चार्जिंग पोचत नसेल तर पार्ट मागवण्याआधी लोड चालू ठेवून अल्टरनेटरचा आउटपुट आणि बॅटरीचा प्लस यांच्यामधला व्होल्टेज ड्रॉप मोजा. अर्धा व्होल्ट किंवा जास्त असेल तर वायर, फ्यूज किंवा क्रिंप खराब आहे. अर्थिंगच्या बाजूनेही तेच करा. फायबरच्या विमानात तर ही शंका पहिली घ्यावी, कारण तिथे बॉडी अर्थ म्हणून वापरता येत नाही, प्रत्येक परतीची वायर वेगळी ओढलेली असते. हेडफोनमध्ये इंजिनच्या वेगाबरोबर चढणारी शिट्टी ऐकू येत असेल तर अल्टरनेटरचा एखादा डायोड गेलेला असू शकतो. अशा वेळी व्होल्टेज जवळपास बरोबर दिसतं, पण पूर्ण लोडला चार्जिंग कमी पडतं.

एक सावधगिरी. नाशिकच्या दुकानांत १२ व्होल्ट १८ अँपिअर-अवरची यूपीएसची एजीएम स्वस्तात मिळते आणि दिसायला स्टार्टर बॅटरीसारखीच असते. ती तासन् तास थोडा करंट देण्यासाठी बनवलेली असते, स्टार्टरचा झटका तिला झेपत नाही.

मग मी काय निवडलं असतं? इंजिन मॅग्नेटोवर चालत असेल, म्हणजे ठिणगीसाठी बॅटरीवर अवलंबून नसेल, तर वीज गेली तरी पंखा फिरत राहतो. तिथे एलएफपी लावायला माझी हरकत नाही, वर सांगितलेल्या प्रोटेक्शनसकट. पण इग्निशन किंवा इंधनाचं इंजेक्शन विजेवर असेल तर वीज गेली म्हणजे इंजिन गेलं. तिथे मी मुख्य बॅटरी एजीएम ठेवेन आणि इग्निशनसाठी वेगळी छोटी बॅटरी डायोडमागे, म्हणजे एकीचं अपयश दुसरीला लागणार नाही. वाचलेले चार किलो मी दुसरीकडे शोधेन.

निवड काहीही असली तरी एक चाचणी जमिनीवरच करता येते. बॅटरी पूर्ण भरा. इंजिन बंद, हवेत जे जे लागेल तेवढंच चालू, आणि घड्याळ लावा. इंधन पंप चालवून बघायचा नसेल तर तेवढाच करंट खाणारा हेडलाइटचा बल्ब जोडा. एजीएम ११ व्होल्टला आल्यावर किंवा एलएफपीच्या बीएमएसने तोडल्यावर मिनिटं लिहून घ्या आणि त्याच्या निम्मा आकडा पॅनलवर चिकटवा. चार्जिंगचा लाल दिवा लागल्यावर वैमानिकाला धावपट्टी गाठायला तेवढाच वेळ आहे. दरवर्षी ही चाचणी पुन्हा करायची आणि आकडा घटला की जुनं स्टिकर काढून नवं लावायचं.