आधी जुनी सायकल बाहेर काढा

पावसाळा सरला की पुण्यात सायकलचा विषय पुन्हा निघतो. डॉक्टरांनी वजन कमी करायला सांगितलेलं असतं, ऑफिसच्या वाटेवरची गर्दी नकोशी झालेली असते. मग नव्या सायकलींच्या किमती विचारणं सुरू होतं. माझं आग्रहाचं सांगणं आहे, दुकानात जाण्याआधी सोसायटीच्या पार्किंगमध्ये जा. तिथे धूळ खात पडलेली सायकल बहुतेक वेळा मेलेली नसते.

सायकल आळसामुळे सुटते, असं आपण मानतो. मला ते पटत नाही. सायकल सुटते एका पंक्चरमुळे. ते आज काढू, उद्या काढू म्हणता म्हणता दोन पावसाळे जातात, चेन गंजते आणि मग सगळंच अवघड वाटू लागतं.

सुरुवात हवेपासून करा. ट्यूबच्या रबरातून हवा सावकाश निघून जातच असते, त्यामुळे बसलेलं चाक म्हणजे पंक्चरच असं नव्हे. हवा भरून रात्रभर ठेवा. सकाळी चाक टणक असेल तर प्रश्न मिटला. नसेल तर आधी व्हॉल्व्हवर पाण्याचा थेंब टाका. जुन्या पद्धतीच्या व्हॉल्व्हमध्ये एक बारीक रबरी नळी असते. ती कुजली की हवा तिथूनच जाते आणि दोष ट्यूबच्या माथी येतो. किती हवा भरायची ते टायरच्या कडेवर छापलेलं असतं. त्याच कडेला भेगा पडल्या असतील, तर टायर बदला.

पंक्चर घरी काढता येतं. ट्यूब पाण्यात धरून बुडबुडे शोधा, ती जागा कोरडी करून घासपेपरने घासा, सोल्युशनचा पातळ थर लावा आणि तो सुकू द्या. ओल्या सोल्युशनवर घाईने चिकटवलेला पॅच हमखास सुटतो. ट्यूब परत घालण्याआधी टायरच्या आतून जपून बोटं फिरवा. काटा किंवा काच तिथेच राहिली, तर पुढच्या चौकात पुन्हा तेच.

चेनला ग्रीस फासू नका, त्यावर धूळ बसते. खोबरेल तेलही नको, ते पुण्याच्या थंडीत थिजतं. चेन आधी रॉकेलने पुसा. मग शिलाई मशीनच्या तेलाचा एकेक थेंब प्रत्येक जोडावर टाका, पायडल उलटं फिरवा आणि वरचं तेल फडक्याने टिपून घ्या. चेनची झीज साध्या पट्टीने मोजता येते. दोन पिनांमधलं अंतर अर्धा इंच, म्हणजे अशी 24 अंतरं मिळून 12 इंच भरायला हवीत. एक षोडशांश इंच जास्त भरलं तर चेन बदला. एक अष्टमांश जास्त भरलं, तर मागच्या फ्रीव्हीलचे दातेही झिजलेले असणार.

ब्रेक मात्र रस्त्यावर उतरण्याआधीच पाहा. रबर कडक होऊन चकाकत असेल तर घासा किंवा बदला, वायर गंजली असेल तर नवी टाका. कात्रजच्या उतारावर ब्रेकची परीक्षा घेऊ नये.

चाकाचा आउट काढणं हे काम वेगळं. कुठली तार किती आवळायची आणि समोरची किती सैल करायची, हे सरावलेल्या हाताला कळतं. ते हात आता शहरात कमी होत चालले आहेत, याची मला खरी काळजी वाटते. सायकल ही दुरुस्तीवर पिढ्यान्‌पिढ्या टिकणारी वस्तू आहे. कर्वेनगरमधलं विक्रम पेंडसे यांचं सायकल संग्रहालय पाहिलं की ते पटतं. पण दुरुस्त करणारा माणूस जवळ नसेल, तर घरातली सायकल भंगारातच जाणार.

महापालिकेने 2017 मध्ये सायकल आराखडा मंजूर केला. त्याच सुमारास भाड्याच्या सायकली आल्या, काही काळ रस्तोरस्ती दिसल्या आणि नाहीशा झाल्या. सायकल मार्ग हवेतच, ते सलग आणि अतिक्रमणमुक्त हवेत. पण त्या मार्गांच्या कडेला सायकल कारागिराला पथारीची अधिकृत जागाही द्या. ठरावीक अंतरावर एक हवेचा पंप, एक पाना आणि एक जाणता माणूस असेल, तर पंक्चर झालेला स्वार रिक्षा शोधणार नाही.

तोवर आपल्या हातात आहे तेवढं करू. या रविवारी सायकल बाहेर काढा, हवा भरा, ब्रेक पाहा, चेनला तेल द्या. उरलेलं काम जवळच्या कारागिराकडे न्या आणि पैशांची घासाघीस करू नका. पहिले काही दिवस भाजी आणि दुधापुरतीच चालवा. रोजच्या कामाला लागलेली सायकल पुन्हा सहसा सुटत नाही.

– नगरवासी