निगेटिव्हचे मुद्दल

गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरपासून वेगळा झाला. त्याआधीच्या घरगुती फोटोंच्या पाकिटांवर वडसा, आरमोरी, अहेरी या गावांपुढे ‘जि. चंद्रपूर’ असेच लिहिलेले आढळते. भद्रावतीची यात्रा, दुकानातले लक्ष्मीपूजन, ताडोब्याच्या तळ्याकाठी उभे असलेले कुटुंब. कागदी प्रती नातेवाइकांत वाटल्या गेल्या, काही पिवळ्या पडल्या. निगेटिव्ह तेवढ्या कपाटात राहिल्या. या भागातील रणरणता उन्हाळा आणि पाठोपाठ येणारा ओलसर पावसाळा त्यांना मानवत नाही. डबा उघडताच व्हिनेगरसारखा आंबट वास आला, तर फिल्मचा ॲसिटेट पाया कुजू लागला असे समजावे. मग स्कॅनिंगचे काम पुढच्या दिवाळीवर ढकलू नये.

स्कॅनिंग म्हणजे फिल्मवरील प्रतिमा बारीक ठिपक्यांत मोजून घेणे. हा ठिपका म्हणजे पिक्सेल, आणि एका इंचात किती ठिपके मोजले तो आकडा म्हणजे डीपीआय. बहुतेकांची फसगत येथेच होते. छपाईला ३०० डीपीआय पुरतात हे कानावर असते. तोच आकडा स्कॅनिंगसाठी मागितला जातो. पण ३५ मिलिमीटर फिल्मची चौकट अवघी ३६ बाय २४ मिलिमीटरची, दीड इंचाहूनही आखूड. ३०० डीपीआयने तिच्या लांबीत सुमारे ४२५ पिक्सेल येतात. मागच्या रांगेत उभ्या असलेल्या आजींचा चेहरा या लांबीच्या चाळिसाव्या भागाएवढा असेल, तर त्याच्या वाट्याला दहा-अकरा ठिपके! त्यात डोळे कोठले आणि हसू कोठले? २४०० डीपीआयने तोच चेहरा ८५ ठिपक्यांत उतरतो, आणि संपूर्ण फोटो अकरा इंच लांबीचा छापता येतो.

दुसरी मेख जाहिरातीत असते. यंत्र प्रत्यक्ष मोजते ते ऑप्टिकल रिझोल्यूशन. शेजारच्या ठिपक्यांवरून अंदाज बांधून मधले ठिपके भरले, की ते इंटरपोलेटेड. पहिले मुद्दल आहे. दुसरी पुनर्मूल्यांकनाने ताळेबंदात फुगवलेली मालमत्ता. काम देताना पहिलाच आकडा विचारावा.

बिट डेप्थ म्हणजे छटांची मोजणी: ८ बिटला प्रत्येक रंगाच्या २५६, तर १६ बिटला ६५,५३६. फिके पडलेले रंग सावरताना ही शिल्लक कामी येते. मूळ प्रत टिफमध्ये ठेवावी. जेपेग सोयीची असली, तरी बदल करून पुन्हा साठवताना दर वेळी थोडा तपशील गमावते. २४०० डीपीआयच्या ५०० रंगीत चौकटी १६ बिट टिफमध्ये सुमारे २३ जीबी होतात, म्हणजे दोन वेगळ्या डिस्कवर प्रती ठेवणे मुळीच जड नाही.

धूळ आणि ओरखडे आपोआप पुसणारी अवरक्त किरणांची सोय रंगीत फिल्मसाठी उत्तम. नेहमीच्या कृष्णधवल फिल्ममधील चांदी मात्र हे किरण अडवते, म्हणून तेथे ती सोय बंद ठेवून मऊ ब्रशनेच धूळ झाडावी लागते.

काम झाल्यावर निगेटिव्ह मोजून परत घ्याव्यात. नव्या पाकिटावर गाव, वर्ष आणि माणसांची नावे पेन्सिलने लिहावीत. जुन्या पाकिटावरचा ‘जि. चंद्रपूर’ही तसाच उतरवून घ्यावा.