निरीक्षकांचा खर्च कोणी करायचा?

फेब्रुवारी 2025 मध्ये भारतातील मतदान वाढवण्यासाठीच्या 2 कोटी 10 लाख डॉलरच्या अमेरिकी अनुदानावरून आपल्याकडे मोठा गदारोळ झाला. अमेरिकी सरकारच्या 'डॉज' विभागाने रद्द केलेल्या अनुदानांच्या यादीत या रकमेचा उल्लेख होता आणि तेवढ्यावरून भाजप व काँग्रेस एकमेकांवर तुटून पडले. रक्कम मुळात बांगलादेशासाठी मंजूर झाली होती, असे 'इंडियन एक्स्प्रेस'ने दाखवून दिल्यावर चर्चा हळूहळू थंडावली. मात्र ही नोंद ज्या 48 कोटी 60 लाख डॉलरच्या निधीतली होती, तो बंद झाल्याने जगात कोणते काम थांबले, हे विचारण्याची तसदी कोणी घेतली नाही. परदेशातील निवडणुकांना तांत्रिक मदत करणाऱ्या आणि तेथे निरीक्षक पाठवणाऱ्या संस्थांच्या समूहाचा तो निधी होता. पुढे 1 जुलै 2025 रोजी 'यूएसएड' ही अमेरिकी सरकारची परदेशी मदत संस्था अधिकृतपणे बंद झाली. त्याच महिन्यात, इतर देशांतील निवडणुका निष्पक्ष झाल्या की नाही यावर शक्यतो बोलू नका, असा आदेश अमेरिकी परराष्ट्र खात्याने आपल्या वकिलातींना दिला. या क्षेत्रातल्या सर्वांत मोठ्या दात्यांपैकी एकाने पैसाही काढून घेतला आणि शब्दही.

निवडणूक निरीक्षण हे काम सरकारी पैशाशिवाय चालत नाही, हे आधी मान्य करायला हवे. युरोपातील सुरक्षा आणि सहकार्य संघटनेचे (ओएससीई) वॉर्सा येथील 'ओडिहर' हे कार्यालय या कामात सर्वाधिक अनुभवी मानले जाते. तेथे मुख्य तज्ज्ञांच्या चमूचा खर्च कार्यालय करते. बहुतांश निरीक्षक मात्र सदस्य देश पाठवतात आणि त्यांचे विमानभाडे, निवास, भत्ता त्या त्या देशाच्या तिजोरीतून जातो. परिणामी श्रीमंत देशांचे निरीक्षक जास्त आणि मध्य आशियातील देशांचे अगदी थोडे, असे चित्र तयार झाले. ते बदलण्यासाठी 2001 पासून स्वतंत्र निधी ठेवावा लागला. त्यात 57 देशांची ही संघटना एकमताने चालते आणि त्या एकमताअभावी 2021 नंतर अनेक वर्षे तिचा अर्थसंकल्पच मंजूर झाला नाही.

आपले सरकार पैसे देत असेल तर निरीक्षक त्याचीच री ओढणार नाही का? शंका रास्त आहे. तिचे उत्तर कामाच्या रचनेत आहे. दीर्घ मुदतीचे निरीक्षक मतदानाच्या काही आठवडे आधी दोघादोघांच्या जोडीने जिल्ह्यात पोहोचतात आणि त्या दोघांची राष्ट्रीयत्वे वेगळी असतात. मतदार यादी, उमेदवारांचे अर्ज, सभांच्या परवानग्या, स्थानिक अधिकाऱ्यांचे वर्तन हे सारे ते नोंदवतात. मतदानाच्या दिवशी अल्प मुदतीच्या जोड्या पहाटे मतपेटी मोकळी असल्याची खात्री करण्यापासून कामाला लागतात, दिवसभरात दहाएक केंद्रे पाहतात, प्रत्येक ठिकाणी एकच ठरलेला प्रश्नसंच भरतात आणि रात्री मोजणीला थांबतात. अहवाल लिहितो तो मुख्य चमू. कोणा एका सरकारला त्यातले वाक्य फिरवणे सोपे राहत नाही. संयुक्त राष्ट्रांमध्ये 27 ऑक्टोबर 2005 रोजी जाहीर झालेल्या, आंतरराष्ट्रीय निवडणूक निरीक्षणाच्या तत्त्वांच्या घोषणापत्रात आणखी एक कठोर अट आहे. ज्या देशाची निवडणूक पाहायची, त्या देशाच्या सरकारकडून निरीक्षण पथकाने पैसा घ्यायचा नाही.

पैसा आटला की आधी कात्री लागते ती मुक्कामाच्या दिवसांना, आणि तिथेच निरीक्षणाचा जीव असतो. केनियात 8 ऑगस्ट 2017 रोजी अध्यक्षपदासाठी मतदान झाले. सुमारे 41 हजार मतदान केंद्रांवर रांगा शिस्तीत लागल्या. युरोपीय महासंघ, आफ्रिकी महासंघ, कार्टर सेंटर अशा मातब्बर पथकांनी दोन दिवसांत मतदानाबद्दल समाधान व्यक्त केले. निकालांचे संकलन अजून बाकी आहे, असेही काहींनी म्हटले होते. पण जगाने ऐकले ते समाधान. खोट होती पुढच्या टप्प्यात. केंद्रावरचे 'नमुना 34 अ' हे निकालपत्रक वरच्या पातळीवर नीट पोहोचले नव्हते आणि तरीही 11 ऑगस्टला विजेता घोषित झाला. केनियाच्या सर्वोच्च न्यायालयाने 1 सप्टेंबरला ती निवडणूक रद्द केली. मतदान पाहणारे पुष्कळ होते. मोजणीनंतरचा कागद शेवटपर्यंत हाती धरून बसणारे कमी पडले. तशी माणसे आठवडेच्या आठवडे ठेवायची तर पैसा लागतो.

आणि खरे निरीक्षक आले नाहीत म्हणून जागा रिकामी राहत नाही. डिसेंबर 2018 च्या बांगलादेश निवडणुकीत आशियाई निरीक्षकांच्या 'अनफ्रेल' या जाळ्याला व्हिसा वेळेवर मिळाले नाहीत, त्यामुळे अमेरिकी निधीवर ठरलेली त्यांची मोहीम मतदानाच्या तोंडावर रद्द झाली. युरोपीय महासंघाने पथक पाठवले नव्हते. तेव्हा पुढे आले 'सार्क ह्यूमन राइट्स फाउंडेशन'. त्याचा 'सार्क' संघटनेशी संबंध नव्हता. सत्ताधारी पक्षाशी मात्र होता. त्याच्या परदेशी पाहुण्यांनी मतदान चोख झाल्याचे सांगितले. सत्ताधारी आघाडीला 300 पैकी 288 जागा मिळाल्या. त्या पाहुण्यांपैकी एकीने या कामात सामील झाल्याचा पश्चात्ताप होतो, असे जानेवारी 2019 मध्ये 'रॉयटर्स'ला सांगितले. तोवर प्रशस्तिपत्र छापून झाले होते. रशियाने 2021 च्या संसदीय निवडणुकीत वेगळी वाट काढली. 'ओडिहर'ला 500 निरीक्षक हवे होते, सरकारने ओएससीईच्या संसदीय सभेचे धरून 60 जणांची मर्यादा घातली. इतक्या थोड्या माणसांत विश्वासार्ह निरीक्षण होत नाही म्हणून 'ओडिहर'ने जाण्यास नकार दिला. तो निर्णय योग्यच होता.

भारताने यात कोठे असावे? सुदानमधली 1953 ची पहिली सार्वत्रिक निवडणूक ज्या आंतरराष्ट्रीय आयोगाने घेतली, त्याचे अध्यक्ष होते आपले पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन. आज दिल्लीतील आपल्या निवडणूक आयोगाच्या प्रशिक्षण संस्थेत अनेक देशांचे अधिकारी शिकायला येतात. महाराष्ट्र केडरचा सनदी अधिकारी बिहार किंवा तमिळनाडूत केंद्रीय निरीक्षक म्हणून जातो, तेव्हा परक्या प्रदेशात, परक्या भाषेत, अर्जांच्या छाननीपासून मोजणीच्या टेबलापर्यंत सगळे पाहतो. असे अनुभवी, निवृत्त अधिकारी आपल्याकडे शेकड्यांनी आहेत. त्यांची नामिका करावी, त्यात नागरी संघटनांतील माणसे घ्यावीत आणि आशियातील बहुराष्ट्रीय पथकांत त्यांना आपल्या खर्चाने पाठवावे. द्विपक्षीय दौऱ्यावर आपल्या झेंड्याखाली पाठवू नये. पैसा अनेक देशांच्या सामाईक निधीत, किमान पाच वर्षांच्या हमीने टाकावा, म्हणजे दिल्लीतले सरकार बदलले तरी ढाक्यातले किंवा कोलंबोतले पथक माघारी बोलवावे लागणार नाही.

मात्र दुसऱ्याच्या घरी निरीक्षक पाठवणाऱ्याने स्वतःचे दार अर्धवट उघडून चालणार नाही. मे 2024 मध्ये 23 देशांतील 75 पाहुणे आपल्या निवडणूक आयोगाच्या निमंत्रणावरून आले आणि महाराष्ट्र व गोव्यासह सहा राज्यांत फिरले. ती सदिच्छा भेट होती, काही दिवसांची, यजमानांनी आखलेली. मतदार यादी जाहीर होण्यापासून निकालापर्यंत थांबणारे, स्वतःच्या खर्चाने येणारे, केंद्रे स्वतः निवडणारे स्वतंत्र पथक भारताने अजून बोलावलेले नाही. 2029 च्या लोकसभा निवडणुकीसाठी ते बोलवावे आणि निमंत्रणाची पत्रे 2028 मध्येच पाठवावीत, म्हणजे पथकाला माणसे जमवायला आणि निधी उभा करायला वेळ मिळेल.